सूचना पेटीतली माळ

पोलिसांनी गुन्हे कसे शोधले याच्या गोष्टी लोक फार आवडीने वाचतात. विडीचं थोटूक सापडलं, तुटलेलं बटण सापडलं, आणि त्यावरून खुनी पकडला. माझ्या नोकरीत थोटकं पुष्कळ सापडली, पण त्यावरून एकही माणूस सापडला नाही. जे सापडले ते कोणीतरी येऊन सांगितलं म्हणून सापडले. सांगणाऱ्याचं नाव आम्ही कधी लिहीत नसू. रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या वहीत, एक ठरलेलं वाक्य असायचं, 'मुखबिर खास से सूचना मिली'. मुखबिर म्हणजे खबर देणारा. तो खास कोण, हे साहेबांनी विचारायचं नाही आणि कोर्टानेही विचारायचं नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं की झोपेतही लिहिलं असतं.

दिवाळी अंकासाठी पोलिसातले किस्से लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा किस्से मला भराभर आठवले. त्यांतले दोन-तीन सांगतोही. पण एक गोष्ट मी आजवर घरातसुद्धा नीट सांगितलेली नाही. ती आता लिहिली नाही तर बाकीचं सगळं लिहिणं म्हणजे शुद्ध बढाई होईल.

मी बालाघाट जिल्ह्यातल्या एका ठाण्यात हेड मोहर्रिर होतो. ठाण्याचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. हेड मोहर्रिर म्हणजे लिखापढीचा हवालदार. लोक मुंशीजी म्हणत. छप्पन्न साली विदर्भ तिकडे मुंबई राज्यात गेला, आम्ही इकडे मध्यप्रदेशात राहिलो, आणि ठाण्याचा सगळा कागद हिंदीत सुरू झाला. साहेब लोक रीवा, सागर, ग्वाल्हेरकडून यायचे. खेड्यातली मराठी चिठ्ठी वाचणारा ठाण्यात मी एकटाच. याचा मला गर्व होता, हे आधीच सांगून टाकतो.

एक नवीन थानेदार साहेब आले. त्यांनी घासलेटच्या डब्याची एक पेटी करवून घेतली, वर फट पाडली, कुलूप लावलं आणि पांढऱ्या रंगाने 'सूचना पेटी' असं लिहवून घेतलं. ज्याला गावातल्या गुन्ह्याची काही माहिती असेल त्याने कागदावर लिहून टाकावी, नाव घालू नये. पेटी पहिल्यांदा ठाण्याच्या ओसरीवर टांगली. दोन महिन्यांत तिच्यात एक पाल निघाली. ठाण्याच्या पायऱ्या चढून पेटीत कागद टाकणारा माणूस अख्ख्या बाजाराला दिसतो, हे साहेबांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, पेटी चक्कीवर टांगा." पिठाच्या चक्कीवर सगळे जातात, सगळ्या जातीचे जातात आणि बाया जास्त जातात. तिथल्या घरघरीत कोण काय करतो ते कोणी पाहत नाही. पेटी चक्कीच्या भिंतीला लागली आणि पहिल्याच आठवड्यात सात कागद निघाले.

दर सोमवारी मी किल्ली घेऊन जायचो. काय काय निघायचं! 'हवालदार साहेब बाजारातून वांगी फुकट नेतात' अशी एक चिठ्ठी होती. साहेबांनी ती सकाळच्या हजेरीला मोठ्याने वाचली, आणि आमचे एक हवालदार कितीतरी दिवस वांग्याच्या दुकानासमोरून मान खाली घालून गेले. एका बाईने लिहिलं होतं की माझ्या नवऱ्याला दोन दिवस आत ठेवा, त्याने काही केलेलं नाही, पण घरात जरा शांतता पाहिजे. एका कागदावर तर अक्षरच नव्हतं. एक विहीर काढलेली, आणि तिच्यात दोन चाकं. आम्ही त्या विहिरीत गळ टाकला तर पोस्टमनची चोरीला गेलेली सायकल वर आली. चोरानेच दुसऱ्या चोराची चुगली केलेलीही पुष्कळदा निघायची. खरं-खोटं पाखडत बसणं हेच काम होतं. चिठ्ठी म्हणजे पुरावा नव्हे, चिठ्ठी म्हणजे कुठे पाहायचं ते. त्या पेटीने आमच्या ठाण्याला दोन वर्षांत जेवढ्या चोऱ्या उघड करून दिल्या, तेवढ्या आम्ही लाठ्या आपटून दहा वर्षांत केल्या नसत्या.

आता भागरताबद्दल सांगतो.

लामत्याच्या वाटेवरच्या एका खेड्यात, बौद्ध मोहल्ल्यात, समाजाच्या खोलीत दिवेलागणीला प्रौढांचा वर्ग चाले. मास्तर मिळेना म्हणून मी शिकवायला जाई. खाकीतला माणूस मोहल्ल्यात पाटी घेऊन बसतो, याचं लोकांना कौतुक होतं, आणि ते कौतुक मला आवडे. दहा-बारा जण यायचे. त्यांत भागरता, पस्तिशीची, दिवसभर नत्थूजी पटलाच्या घरी शेणगोठा करून यायची. सगळं जग मला मुंशीजी म्हणे, ती एकटी गुरुजी म्हणे.

आमच्या बोलीत ळ नाही. आम्ही सकाळला सकाय म्हणतो, गुळाला गुय, डोळ्याला डोया. लिहायला शिकवताना हीच अडचण. मी वर्गाला सांगितलं, "तोंडात य येते तिथं कागदावर ळ काढा. सकाय म्हनता, सकाळ लिहा. गुय म्हनता, गूळ लिहा." बाकीच्यांना हळूहळू समजलं की हे सगळीकडे लागू नाही. भागरताने मात्र गुरुजींचा शब्द गाठ मारून ठेवला. तिच्या तोंडात जिथे म्हणून सुटा य आला तिथे तिने ळ काढला. ती गायीला 'गाळ' लिही, पायाला 'पाळ' लिही, बायकोला 'बाळको' लिही.

मी ते पाहिलं आणि मला हसू आवरेना. तेव्हा 'अगं, हे चुकलं' एवढं म्हणायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम होतं. पण मला ती गंमत हवी होती. तिच्या पाटीवरचं वाक्य मी ठाण्यात येऊन सांगे, 'गाळीचा पाळ मोडला', आणि आमचे लोक पोट धरून हसत. दर आठवड्याला नवीन वाक्य मिळे. म्हणून मी तिला दुरुस्त केलं नाही. तिची पाटी पाहून "छान, छान" म्हणत राहिलो. ती लाजून पदर पुढे ओढायची.

त्याच सुमारास बाजारातल्या एका बड्या घरची सोन्याची बोरमाळ चोरीला गेली. घर वजनदार, त्यामुळे साहेबांवर वरून रोज ताशेरे. अशात एका सोमवारी पेटीत वहीच्या पानाचा तुकडा निघाला. मराठीत लिहिलेला. 'नत्थूजीच्या घरी माळ आहे. मागच्या खोलीत आहे. लवकर काढा.'

मी धावतच साहेबांकडे गेलो. "साहेब, माला मिल गई."

साहेबांनी नाव ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "नत्थूजी? मुंशीजी, वो तो भले आदमी हैं. एक चिट्ठी पर उनके घर की तलाशी लूँ? पहले इधर-उधर से पता कीजिए."

नत्थूजी पटेल म्हणजे भागरताच्या त्याच खेड्यातला मोठा शेतकरी. पंचनाम्याला नेहमी पंच म्हणून उभा राहणारा, ठाण्यात आला की खुर्ची मिळणारा. मलाही साहेबांचं पटलं. मी एका शिपायाला सांगितलं की येता-जाता जरा कानोसा घे. सोन्याची माळ काही पळून जाणार नव्हती. आठ दिवस गेले.

पुढच्या सोमवारी तशाच कागदाचा दुसरा तुकडा निघाला. 'माळ मरते. पानी भी नाही देत. तुमी काळ करता?'

मी चक्कीसमोर उन्हात उभा राहून ते वाचलं. माळ मरते? काळ करता? मग एकदम तो 'गाळीचा पाळ' आठवला. काळ म्हणजे काय. माळ म्हणजे माय.

नत्थूजीच्या म्हाताऱ्या चुलतीला सगळं गाव माय म्हणे. शेत तिच्या नावावर होतं, आणि ते ती आपल्या लेकीच्या नावाने करणार असं बोलत होती. महिनाभर ती दिसली नव्हती. नत्थूजी सांगे, माय लेकीकडे भंडाऱ्याला गेली. मला हे सगळं माहीत होतं. तरी मी माळ वाचली आणि सोनं शोधत बसलो.

त्या दुपारी साहेब, मी आणि तीन शिपाई गेलो. नत्थूजी ओसरीवर होता. "या या, मुंशीजी," म्हणाला, "चहा ठेवाले सांगतो." मी सरळ मागे गेलो. गोठ्याच्या पलीकडे एक खोली होती, बाहेरून कडी, कडीत कुलूप. कुलूप तोडलं. आत पोत्यांच्या मागे माय पडली होती. ओठ फुटलेले, लुगडं घाण झालेलं. उजेड आला तसा तिने हात डोळ्यांवर घेतला.

"कोन व्हय?" तिने विचारलं.

"म्या पोलिसातला, माय."

"पानी दे न बापू," ती म्हणाली.

माय वाचली. लेक येऊन तिला घेऊन गेली, आणि पुढे कोर्टात म्हातारीने उभं राहून सगळं सांगितलं. गोठ्याकडे बघताना मला शेणाची टोपली दिसली होती, आणि चिठ्ठी कोणाची हे तेव्हाच पक्कं झालं होतं. रोज गोठ्यात राबणाऱ्या बाईला भिंतीपलीकडचं कण्हणं ऐकू येत होतं. तिने पहिल्यांदाच पाटी सोडून कागदावर लिहिलं होतं, आणि तेही दोनदा. रोजनामच्यात मी लिहिलं, 'मुखबिर खास से सूचना मिली'. इथपर्यंत सगळं कायद्याप्रमाणे झालं.

जिल्ह्याहून शाबासकी आली. साहेबांनी चारचौघांत माझं नाव घेतलं. आणि बाजाराच्या दिवशी चहाच्या हॉटेलात दोन मास्तर, राइस मिलचा बाबू आणि आणखी कोणकोण भोवती बसले होते, तेव्हा एकाने विचारलं, "मुंशीजी, तुमाले समजलं कसं?"

इथे माझी जीभ थांबायला हवी होती. मी नाव घेतलं नाही. नाव न घेण्याची अक्कल मला होती, आणि तेवढीच होती. मी म्हटलं, "अरे, चिठ्ठीत माळ लिहून होतं. वाचनाऱ्याले डोकं पायजे. लिहिनाऱ्यानं य च्या जागी ळ घातलता, गायीले गाळ लिहिल्यावानी." सगळे खो खो हसले. मग मी जरा रंगवूनही सांगितलं, आठ दिवस वाया गेले ते मात्र गाळून. पहिल्याच झटक्यात ओळखलं, असा आव आणला. चहा दुसऱ्याने पाजला.

नत्थूजी तोवर जमानतीवर सुटून घरी आला होता.

चार-पाच दिवसांनी, भर दुपारी, भागरता ठाण्याच्या पायऱ्यांशी उभी दिसली. ती कधी ठाण्यात आलेली नव्हती. बगलेत पाटी होती. मी बाहेर गेलो.

"गुरुजी," ती म्हणाली, "गाय कशी लिहितात?"

तिने पाटी पुढे केली.

"लिहून दाखवा न."

मी तिच्या पाटीवर 'गाय' लिहिलं. तिने त्या य कडे पुष्कळ वेळ पाहिलं.

"पटलाचा दिवानजी आलता मोहल्ल्यात," ती सांगू लागली. "म्हने, लिहिता येते अशी बाई पायजे, मुकादमीन करतो. समद्या बायाईले कागद देल्ला. गाय, माय, पाय लिहा म्हने. म्या पयले लिहिलं, गुरुजी. समद्याईच्या पयले. मले वाटलं आता शेण काढाचं सुटलं." ती थांबली. "त्यानं कागद पाह्यला, घडी केली, खिशात टाकला. अन् हासला. मले काईच समजलं नाई. घरी आली त माह्या नवऱ्याले शेताच्या धुऱ्यावर मारून पाडलं होतं त्याईनं. हात मोडला."

"भागरता—"

"तुमाले मालूम होतं? म्या चुकीचं लिहितो म्हून?"

"हौ," मी म्हटलं. खोटं बोलावं असं फार वाटलं, पण निघालं ते हौ.

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

उत्तर असं होतं की तुझ्या चुकीवर आम्ही ठाण्यात हसत होतो. ते कोण सांगणार? मी म्हटलं, "रिपोर्ट लिहू, चाल आत." आणि तिला साहेबांसमोर उभं केलं.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग मला बाजूला बोलावलं. "मुंशीजी, मारपीट की रिपोर्ट लिख लीजिए. पर वजह क्या लिखेंगे? कि इसने चिट्ठी डाली थी? कागज़ में तो ये औरत है ही नहीं. आपने ही लिखा है, मुखबिर खास." ते चुकीचं बोलत नव्हते. मी रिपोर्ट लिहिली, 'धुऱ्यावरून वाद', म्हणजे बांधाचं भांडण. दोन साक्षीदार मिळायला हवे होते, ते मिळाले नाहीत. नत्थूजीच्या शेतावर तो मोहल्ला पोट भरत होता. पंधरा दिवसांत भागरताच्या घराला कुलूप लागलं. कोणी म्हणे उकव्याला खाणीवर गेले, कोणी म्हणे बिरसा गावाकडे.

मी तिला भेटायला गेलो नाही. जाता येत होतं. सायकलवर वीस मिनिटं लागली असती. रोज म्हणायचो, उद्या जाऊ. वर्गालाही गेलो नाही, आणि मला कोणी बोलवायलाही आलं नाही.

पेटीचं काय झालं तेही सांगतो. सोमवारी किल्ली घेऊन जायचो, पेटी रिकामी. आठवडे गेले, महिने गेले. चक्कीवर बाया यायच्या, पेटीच्या बाजूची भिंत सोडून पलीकडे उभ्या राहायच्या. त्या वर्षी तळ्याच्या पाळीवर एका गोंड पोराला कोणीतरी भोसकलं. भर बाजाराच्या दिवशी, शंभर माणसांच्या डोळ्यांदेखत. कोणी पाहिलं नव्हतं. पेटीत एक कागद आला नाही. पोराचा बाप रोज ठाण्यात येऊन बाकावर बसायचा आणि मी त्याला रोज सांगायचो, तपास चालू आहे. शेवटी चक्कीवाला म्हणाला, "मुंशीजी, डब्बा काढून घ्या न. गिऱ्हाईक दचकून राह्यले." मी पेटी काढून आणली. साहेबांनी विचारलं, लोक लिहीत का नाहीत. मी म्हटलं, शेतीचे दिवस आहेत.

सहा-सात वर्षांनी माझी बदली उकव्याच्या बाजूला झाली. चौकीवर मी, दोन शिपाई आणि भरपूर जंगल. एका सकाळी एक बाई बकरी चोरीला गेल्याची रिपोर्ट द्यायला आली. मी वहीतून मान वर केली आणि भागरताच समोर उभी. केस पांढरे झाले होते, हात मॅंगनीजने काळे पडले होते. तिने मला ओळखलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. ठाण्यात आलेला माणूस जसा उभा राहतो तशी उभी राहिली.

"बकरी कशी होती?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

"कायी. एक कान तुटला."

मी लिहीत गेलो. नवरा कसा आहे विचारलं. म्हणाली, मोडला हात वाकडाच बसला, पण पाणी भरतो. पोरगी शाळेत जाते. मी म्हटलं, "भागरता, माझं चुकलं." ती म्हणाली, "बकरीचं लिहा, गुरुजी." ती अजून गुरुजीच म्हणत होती, आणि ते मला सहन होईना.

रिपोर्ट पुरी झाली. मी वही तिच्याकडे फिरवली, टाक पुढे केला. "इथं सही कर."

तिने टाक घेतला नाही. शाईची गादी आपल्याकडे ओढली आणि अंगठा दाबला.

"तुले त लिहिता येते," मी म्हटलं. "म्याच शिकवलं."

"येते. पोरीले घरी शिकवतो म्या." तिने अंगठा कागदावर टेकवला, नीट दाबला आणि उचलला. "पन बाहेर लिहीत नाई. लिहिलं का मानूस ओयखू येते. अंगठ्यावरून कोनी ओयखत नाई."

पोलिसातल्या माणसाला तिने हे सांगितलं. ज्याने हजार अंगठे घेतले आणि जुळवायला पाठवले, त्या माणसाला. जगात एका माणसाचा अंगठा दुसऱ्यासारखा नसतो, हे माझ्या जिभेवर आलं होतं. तिची ही दुसरी चूक होती, आणि तीही मला माहीत होती.

हीसुद्धा मी दुरुस्त केली नाही. शाई वाळेपर्यंत वही उघडी धरून बसलो.